वेंगुर्ल्याची आगबोट पावसाळ्यात बंद का असायची?

दर्याकिनारी: पणजोबा वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबईला गेले आणि गिरणीत लागले, एवढंच घरात ऐकलंय. शिडाची गलबतं वाऱ्यावर चालणारी, ती पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवायचे हे समजतं. पण वाफेवरची बोट का बंद? आणि एवढं नांदतं बंदर मागे कशाने पडलं? आगबोटींनीच मारलं का त्याला?

बंदरकर: बोट अडायची ती पडावापायी, म्हणजे किनाऱ्यावरून बोटीपर्यंत माणसं नेणाऱ्या होडीपायी. वेंगुर्ल्याला ती धक्क्याला लागतच नसे. बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा द्यायची आणि पडाव भरून माणसं तिच्याकडे न्यायचे. माझे आजोबा पडावावर खलाशी होते. नव्या पोरांना ते सांगत, "लाट वर इली काय पाय टाकूचो, खाली गेली काय गप रवाचा." बायकांना दंडाला धरून वर घ्यायचं, पोरं हातोहात द्यायची, मग ट्रंका आणि आंब्याच्या करंड्या. समुद्र निवलेला असतानाही हे जिकिरीचं काम. मृगाचा वारा सुटल्यावर त्या उघड्या समुद्रात पडाव घालणार कोण?

इंजिनात दम होताच. मुंबईच्या गोदीत बांधलेली 411 टनांची 'ह्यू लिंडसे' 20 मार्च 1830 ला निघाली आणि वाटेत एडनला कोळसा घेऊन 22 एप्रिलला सुएझला पोचली. मुंबईत बांधलेली ही पहिली आगबोट. वाफेने वाऱ्याची वाट बघणं संपवलं, पण आमच्या बंदराला आडोसा काही दिला नाही.

रेवसवाला: मग 'रामदास' 17 जुलै 1947 ला कशी बुडाली? तो तर भर पावसाळा.

बंदरकर: ती मुंबई-रेवस फेरीची बोट. जवळचा पल्ला, म्हणून पावसातही चाले. काशाच्या खडकाजवळ गेली, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. ऐन आषाढी अवसेचे दिवस, सणाला घरी निघालेले लोक. अजून वाचवत नाही. गोव्यापर्यंतची लांबची फेरी मात्र पावसाळ्यात बंद.

आता बंदराचं. आगबोटींनी वेंगुर्लं मारलं हे मला अजिबात पटत नाही. डचांनी सतराव्या शतकात इथे वखार घातली, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढे घाटमाथ्याचा माल बैलगाड्यांनी आंबोलीवरून खाली यायचा आणि बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्लं असा हिशेब होता. तो मोडला रेल्वेने. 1888 साली मुरगावहून कॅसलरॉकमार्गे गाडी सुरू झाली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. आगबोटींनी उलट माणसं टिकवली. आधी शेफर्ड कंपनीच्या बोटी, मग बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या. गिरणगाव कोकणी माणसाने भरला तो ह्याच बोटींनी, आणि सुट्टीला चाकरमानी गावी यायचा तोही ह्यांनीच.

कौलारू: पाटेमारी पण होत्या ना तेव्हा? आमच्या घरावरची मंगळुरी कौलं शिडाच्या गलबतानेच आली म्हणतात.

बंदरकर: होत्या तर. कौलं, मीठ असा जड आणि बिनघाईचा माल स्वातंत्र्यानंतरही शिडावर चालायचा. कोळशाचा खर्च नाही, आणि बोट जिथे शिरत नाही त्या खाडीत गलबत भरतीबरोबर पार आत जायचं.

दर्याकिनारी, पणजोबा गिरणीत लागले ते साल साधारण कळलं तर इथे टाका. कुठल्या कंपनीच्या बोटीने गेले असतील ते त्यावरून सांगता येईल.