रिलीज स्क्रिप्ट ठेवायची की फेकायची?

खाडीकाठचा (दाभोळ)
मंडळी, आपला तो भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा छोटा पायथन प्रोजेक्ट, त्याची रिलीज स्क्रिप्ट (नवी आवृत्ती बाहेर काढायची सगळी कामं ओळीने करणारी फाइल) मी चार वर्षं सांभाळतोय आणि आता खरंच वैताग आलाय. ४१० ओळींची बॅश, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञांची भाषा. परवा शनिवारी रात्री २.४.१ काढत होतो, बाहेर धो धो पाऊस, टॅग (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली आवृत्तीची खूण) पुश झाला, पायपीआयवर (पायथन पॅकेजं जिथून लोक उतरवतात ती साइट) व्हील (तयार इन्स्टॉल होणारी फाइल) चढलं, सोर्सचं टारबॉल (कोडची गठडी) चढायच्या आत लाइट गेली. आली पहाटे. परत स्क्रिप्ट चालवली तर पहिल्याच पायरीला 'टॅग आधीच आहे' म्हणून बाहेर. टॅग उडवला, परत चालवली, तर आता पायपीआय म्हणतं या नावाची फाइल आधीच आहे. आणि तिथे एकदा वापरलेलं फाइलनाव डिलीट केलं तरी परत मिळत नाही. शेवटी २.४.२ काढली आणि चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) खरं ते लिहिलं, 'लाइट गेली होती'.

माझं मत विचाराल तर वर्षाला चार रिलीज होतात आपले, त्यासाठी एवढं लटांबर कशाला? पंधरा ओळींची यादी करा, हाताने करू.

कौलारू (चिपळूण)
साफ चूक. दर मे महिन्यात कौलं परतावी लागतात म्हणून कोणी छप्पर उतरवून ठेवत नाही.

आणि दादा, राग मानू नका, पण २.४.१ वाया घालवायची गरजच नव्हती. तयार फाइलींच्या डिस्ट फोल्डरमध्ये तेच टारबॉल पडलेलं होतं, ट्वाइनला (पायपीआयवर फाइली चढवणारं टूल) 'स्किप एक्झिस्टिंग', म्हणजे आधी चढलेलं सोड, असं सांगायचं, व्हील सोडून दिलं असतं आणि टारबॉल चढलं असतं. तुमची स्क्रिप्ट सुरुवातीलाच डिस्ट पुसते, ही खरी खोड. प्रत्येक पायरीने आधी बघायचं की हे काम झालंय का, झालं असेल तर गप पुढे जायचं. मग लाइट दहा वेळा जाऊ दे. आपल्याकडे पावसात लाइट जाणार हे काय आज कळलं?

हाताने केलेलं रिलीज विसरलात वाटतं. २.१ ला आवृत्तीचा आकडा एका फाइलीत बदलला, दुसरीत राहिला, आणि दोन महिने प्रोग्राम स्वतःला २.० म्हणत होता.

रापणकार (देवबाग)
माका तर यादीच बरी वाटता. एकान वाचूचा, दुसऱ्यान करूचा, गाऱ्हाण्यासारखा. 'टेस्ट पास झाले?' 'व्हय म्हाराजा.' 'चेंजलॉग लिवलास?' 'व्हय म्हाराजा.' माणूस वाचता तेव्हा डोळे उघडे असतत, स्क्रिप्ट चालता तेव्हा माणूस चाय पिऊक जाता. २०११ साली बंबलबी नावाच्या प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये आरएम मायनस आरएफच्या (न विचारता सगळा पुसणारी आज्ञा) पुढे पाथात एक स्पेस जास्त पडली, आणि लोकांचा अख्खा यूएसआर फोल्डर, सगळे प्रोग्राम असतत तो, साफ. एक स्पेस! हातान टायप करताना निदान एकाचाच मशीन गेला असता.

चाकरमानी (ठाणे)
तुम्ही लोक अजून लॅपटॉपवरून रिलीज करता हेच मला झेपत नाही. गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या सर्व्हरवर आपोआप कामं चालवणारी सोय) टाका ना, टॅग पुश केला की बाकी सगळं तिकडे, दाभोळात लाइट असो नसो. पायपीआयचं ट्रस्टेड पब्लिशिंग २०२३ पासून आहे, म्हणजे कायमचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) लॅपटॉपवर ठेवायचीही गरज नाही.

कौलारू (चिपळूण)
@चाकरमानी लाइटीपुरतं मान्य. पण तिकडेही तुम्ही दुसऱ्याच्याच स्क्रिप्ट चालवता, फक्त त्या दिसत नाहीत. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्सचं, गिटहब ॲक्शन्समध्ये लोक वापरतात त्या तयार तुकड्याचं, काय झालं? जुने टॅगच कोणीतरी खराब कमिटवर (गिटमध्ये नोंदलेला बदल) सरकवले आणि लोकांची सीक्रेट्स (पासवर्ड, किल्ल्या) बिल्डच्या लॉगमध्ये छापून आली. निदान टॅगवर विसंबू नका, कमिटचा पूर्ण हॅश (मजकुरावरून निघणारा, बदलला की बदलणारा आकडा) लिहा. आणि यमलमध्ये (ॲक्शन्सची सेटिंगची फाइल) २०० ओळी बॅश कोंबलीत तर ती स्क्रिप्टच झाली, वर घरी चालवून बघता येत नाही ते वेगळंच.

सड्यावरची (राजापूर)
लाइटीवर एवढं भांडताय, पण रिलीज एकाच माणसाला येतं त्याचं काय? मागे दादा तापाने पडले होते तेव्हा मी माझ्या मॅकवर ती स्क्रिप्ट चालवून बघितली, अकराव्या ओळीला मेली. लिनक्सवरचं सेड मायनस आय (फाइलीतला मजकूर जागीच बदलणारी आज्ञा) मॅकवर तसं चालत नाही, तिथे बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, रिकामं का होईना. ते सुधारलं तर पुढे असोसिएटिव्ह ॲरेवर (नावाने किंमत शोधायची यादी) अडकली, कारण मॅकसोबत येणारी बॅश अजून ३.२ वरच आहे, तिच्यात ती सोय नाही. म्हणजे ही प्रोजेक्टची स्क्रिप्ट नव्हेच, दादांच्या लॅपटॉपची आहे.

आणि रापणकार भाऊ, तुमचं गाऱ्हाणं मला आवडलं पण एक्सझेडचं, फाइली दाबून लहान करणाऱ्या त्या प्रोजेक्टचं, काय करायचं? २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोर (लपवलेली चोरवाट) सापडलं, ते सुरू करणारी बिल्डची फाइल रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हतीच. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरताना) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी खणलं, म्हणून कळलं. मुद्दा हा की टारबॉल कोणी हाताने बनवलं तर त्यात काय घातलं ते यादीवरून कळत नाही, 'व्हय म्हाराजा' कोणीही म्हणेल. मला राजापुरात बसून त्याच टॅगवरून तेच टारबॉल बनवता आलं पाहिजे, बाइटला बाइट. त्यासाठी तारीख कमिटची घ्यायची, सोर्स डेट एपॉक असतं ना, बिल्डला ठरलेली तारीख सांगणारं, ते, आणि फाइलींचा क्रम ठरलेला. हे हाताने जमायचं नाही.

रापणकार (देवबाग)
ताई, एक्सझेडमध्ये तो घुसलेलो माणूस स्वतःच मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारो) होऊन बसललो. तेनाच स्क्रिप्ट लिवली असती तर?

सड्यावरची (राजापूर)
लिहू दे की. दोघांनी वेगवेगळ्या मशीनवर बनवून हॅश जुळवायचा, तो फक्त स्वतःच्या मशीनवर खोटं बोलू शकतो. स्क्रिप्टच खोटी असेल तर ती गिटमध्ये सगळ्यांसमोर आहे, वाचा. पण ४१० ओळी कोण वाचणार हेही खरंच, तिथे दादांचा वैताग मला पटतो. त्यातल्या निम्म्या तर रंगीत अक्षरं छापायला आहेत!

खाडीकाठचा (दाभोळ)
रंग मीच घातले होते, २०२१ मध्ये, तेव्हा हौस होती. बरं. फेकत नाही. रंग काढतो, डिस्ट पुसणं काढतो, प्रत्येक पायरीआधी तपासणी घालतो. क्लाउडवर इतक्यात नाही, @चाकरमानी, आधी घरी दोन मशीनवर हॅश जुळू दे. ताई, सेडचा पॅच पाठवा आणि गणपतीच्या आधी एक खोटा रिलीज टेस्ट पायपीआयवर (पायपीआयची सरावाची साइट) तुम्ही काढा, मी हात लावणार नाही. चतुर्थीच्या आठवड्यात मला विचारू नका, घरात वीस माणसं आणि नारळ खोवायला मी एकटा.

रापणकार (देवबाग)
करा. यादी मी लिवतंय तरीपण. स्क्रिप्ट मेली काय माकाच विचारशात.