गोव्यात खाण-कॉलनीत वाढलेले कुणी आहे का इथे?

परवा डिचोलीहून सांखळीला जाताना पुढे ताडपत्री घातलेला टिपर होता. लोखंडाची खाण परत सुरू झालीय ना. काचेवर लाल थर बसला आणि आमची कॉलनी आठवली. बाबा खाणीवर फिटर. क्वार्टर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, शाळेची बससुद्धा कंपनीची. शाळेचा पांढरा शर्ट आई आतल्या खोलीत वाळवायची. बाहेर घातला की संध्याकाळपर्यंत गुलाबी! २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि शेजारी एकेक करून गेले. तुमचंही लिहा.

टिपरवाला : सप्टेंबरात सरकारने थांबवलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. बँकेचा हप्ता कुणी थांबवला नाही. जरा सावरलो तर २०१८ ला खाणींची ८८ लिजं (भाडेपट्टे) रद्द, मार्चमध्ये परत बंद. एक टिपर विकला, दुसऱ्यावर बांधकामाचे चिरे वाहतो.

कुळागर : कॉलनीत नळ होता हो तुमच्या. आमच्या विहिरी आटल्या त्याचं काय? खड्डा भूजलाच्या खाली गेला, पंप रात्रंदिवस चालू. मग टँकर पाठवायचे आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचे. पावसात डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाची, माती वाहून शेतात, भात गेलं ते गेलंच. सॉरी, राग येतो.

धागाकर्ती : खरंय ताई. कॉलनीच्या कुंपणाच्या आत नळाचं पाणी कधी बंद झालं नाही.

बार्जवरचा : आम्ही बार्जने, म्हणजे सपाट मालबोटीने, मांडवीतून मुरगाव बंदरात खनिज न्यायचो. पावसाळ्यात आग्वादकडे नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, तिथून जाणं धोक्याचं. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत. तिथे मगरी! ओहोटीला चिखलात पसरलेल्या असतात. आमचा कुक त्यांना माशांची डोकी टाकायचा.

टिपरवाला : आणि तुम्हाला उरलेला मासा?

बार्जवरचा : आम्हाला माशाची कडी. शेपट्या घालून.

वास्कोची : लाल धूळ तरी बरी म्हणायची. आमच्याकडे बंदरात कोळसा उतरतो, सकाळी पुसलेल्या बाल्कनीत दुपारी पाय ठेवला की तळवे काळे. पांढरे पडदे लावायचे सोडलेत.

कुळागर : बरी कसली? दोन्ही छातीतच जातात.

कोडली : कँटीनची मिरची भजी कुणाला आठवते का? रात्रपाळीवाले बाबा पुडा आणायचे, तेल कागदातून खिशाला लागलेलं. आई त्यावर ओरडायची, भजी मात्र पहिली तीच खायची.

वास्कोची : ते तेलाचे डाग कशाने जायचे?

कोडली : पीठ चोळायचं. लाल मातीचे मात्र नाही जात, बनियनं अजून तशीच आहेत.