संशोधनाचा कच्चा डेटा खुला करण्याची सक्ती हवी का?

पाटीमोजणी

जनतेच्या पैशावर झालेल्या संशोधनाचा कच्चा डेटा निबंध छापून येईल त्याच दिवशी सगळ्यांना खुला व्हायला हवा, आणि हे संशोधकाच्या मर्जीवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. मासेमारी, वैद्यक आणि संगणकांची जाळी अशा तीन क्षेत्रांतली मंडळी या चर्चामंचावर आहेत, म्हणून इथेच विचारतो.

माझ्या बाजूचं उदाहरण देतो. सीएमएफआरआय, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, देशाच्या मासळीचा अंदाज काढते तो प्रत्येक बोट मोजून नव्हे, नमुना घेऊन. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करतात. निवडलेल्या बंदरावर पहिल्या दिवशी दुपारी 12 ते संध्याकाळी 6 आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ते दुपारी 12 अशी पाहणी होते. मधल्या रात्रीची आवक विचारपूस करून भरतात. बोटी 15 किंवा त्याहून कमी असतील तर सगळ्या पाहायच्या, जास्त असतील तर त्यांतल्या काही निवडायच्या आणि गुणक लावायचा. पद्धत चांगली आहे, पण ती कुठे घसरते हे फक्त मूळ तक्त्यातच दिसतं. समजा 40 ट्रॉलर (जाळं ओढत मासे धरणाऱ्या मोठ्या बोटी) बंदराला लागले आणि 10 पाहिले, तर गुणक 4. प्रत्येक बोटीतून 50 पाट्या (टोपल्या) उतरल्या आणि पाटी 25 किलोची धरली, तर दिवसाची आवक 50 टन. तीच पाटी प्रत्यक्षात 30 किलोची भरत असेल तर 60 टन. हा दहा टनांचा फरक वार्षिक आलेखात कुणालाही ओळखता येणार नाही. 'ढोमा' या एकाच नावाखाली एका रकान्यात माशांच्या तीन-चार जाती गेल्या, तर त्यांतली एक संपत आली तरी बेरीज शाबूत राहते.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये कॉड माशाचं हेच झालं. खोल समुद्रातल्या ट्रॉलरांना दर तासाला चांगली मासळी मिळत होती, कारण कॉड कमी झाला तसा उरलेला दाट थव्यांत गोळा होत गेला आणि बोटींची यंत्रंही सुधारत गेली. किनाऱ्यालगतच्या मच्छीमारांची जाळी मात्र रिकामी येत होती. त्यांनी 1986 मध्ये स्वतंत्र जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी अंदाज तपासून घेतला. मासेमारी बंद झाली 2 जुलै 1992 ला, तोवर फार उशीर झाला होता.

नाडीठोका

'सक्ती' आणि 'सगळ्यांना' या दोन्हींना माझा विरोध आहे. पाटीतला मासा तक्रार करत नाही, रुग्णाचं तसं नाही.

नाव आणि पत्ता काढला की रुग्ण अनामिक झाला, ही समजूत धोक्याची आहे. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसं एकेकटी ओळखता येऊ शकतात. आता आपल्याकडे या. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात 2016 पासून माकडताप, म्हणजे गोचिडीतून पसरणारा जंगलभागातला ताप, आहे. त्या अभ्यासाच्या तक्त्यात 'स्त्री, 34, काजूबागेत काम, दाखल झाल्याची तारीख, मृत्यू' अशी एक ओळ असली तर गावातल्या कुणालाही नाव विचारावं लागणार नाही. मोठ्या शहरातल्या मधुमेहाच्या अभ्यासाला जो नियम चालतो तो इथे चालत नाही.

तारखा पुढेमागे सरकवाव्यात, वय पाच-पाच वर्षांच्या गटात टाकावं, तालुक्याऐवजी जिल्हा लिहावा, हे सगळं करता येतं. पण माकडतापाच्या अभ्यासात तारीख आणि जागा हाच तर अभ्यास आहे. ते पुसलं की उरलेल्या तक्त्यातून कुणी काय तपासणार?

शिवाय चाचण्यांची आगाऊ नोंदणी आहे. आपली सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही, 20 जुलै 2007 ला सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून औषध चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. निकाल हाती आल्यावर मुख्य निकष बदलणं त्यातून पकडता येतं.

चाचणीवाचक

नाडीठोका, नोंदणीतून निकष बदललेला कळतो. रुग्णच नव्हते, हे कळत नाही.

सर्जिस्फिअर या कंपनीच्या डेटावर बेतलेल्या निबंधाचं 2020 चं प्रकरण घ्या. सहा खंडांतली 671 रुग्णालयं, 96,032 रुग्ण, आणि कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध दिल्याने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 22 मे रोजी छापून आला. तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. तज्ज्ञांच्या परीक्षणातून निबंध पार झाला होता, पण परीक्षकांपैकी कुणीही मूळ नोंदी पाहिल्या नव्हत्या. बाहेरच्यांच्या लक्षात आलं की निबंधात 21 एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियातले 73 मृत्यू धरलेत आणि तोवरची अधिकृत संख्या होती 67. मूळ डेटा मागितला तर कंपनीने रुग्णालयांशी झालेल्या कराराचं कारण पुढे केलं. 4 जूनला निबंध मागे घेतला गेला. गोपनीयतेच्या नावाखाली काय काय लपतं, ते यात दिसतं.

दुसरा पुरावा याहून भक्कम आहे. 'ॲनेस्थेशिया' या नियतकालिकाचे संपादक जॉन कार्लाइल यांनी फेब्रुवारी 2017 ते मार्च 2020 मध्ये आलेल्या 526 चाचण्या तपासल्या. 153 चाचण्यांचा रुग्णनिहाय तक्ता हाती होता, त्यांतल्या 67 मध्ये, म्हणजे 44 टक्क्यांत, खोटा डेटा सापडला. उरलेल्या 373 मध्ये तक्ता नव्हता, तिथे सापडल्या फक्त 6. त्या 373 चाचण्या जास्त प्रामाणिक होत्या असं मानायला काहीच आधार नाही. तिथे पाहायलाच काही नव्हतं.

तक्त्यात पाहायचं काय, तेही सांगतो. एकाच्या ओळी दुसऱ्याखाली जशाच्या तशा चिकटवलेल्या, रक्तदाबाचे आकडे सगळे सम किंवा शेवटी शून्य, रविवारी तपासणीला आलेले रुग्ण, दोन्ही गटांची सुरुवातीची सरासरी संशय यावा इतकी जुळणारी. यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, तक्ता लागतो.

नाडीठोका

कार्लाइल यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांना तक्ते मिळाले ते संपादक म्हणून, जगासमोर टांगलेले नव्हते. संपादक, नैतिकता समिती आणि अर्ज करून येणारा पात्र संशोधक यांना सुरक्षित संगणकावर तक्ता पाहू द्या. फाइल बाहेर नेता येणार नाही, फक्त निकालाची सारणी नेता येईल. याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि संपादकांसाठी ते सक्तीचं करायलाही हरकत नाही.

चाचणीवाचक

'पात्र' कोण, हे ठरवणार कोण? कोविडवर आयव्हरमेक्टिन या औषधाची इजिप्तमधली एक चाचणी जुलै 2021 मध्ये मागे घेतली गेली, ती एका विद्यार्थ्यामुळे. तक्ता कुलूपबंद होता. त्याने पासवर्ड म्हणून 1234 टाकून पाहिला आणि फाइल उघडली. आत अभ्यास सुरू होण्याआधीच वारलेले रुग्ण होते, आणि एकसारख्या ओळींचे गठ्ठेही. तुमच्या अर्जाच्या खिडकीवर हा विद्यार्थी पहिल्याच फेरीत बाद झाला असता. तोवर ती चाचणी अनेक एकत्रित विश्लेषणांमध्ये जाऊन बसली होती.

पॅकेटपारखी

संगणकांच्या जाळ्यांच्या क्षेत्रात खुलेपणा पहिल्यापासून आहे. इंटरनेटचे नियम ज्यांत मांडले जातात त्या आरएफसी नावाच्या दस्तांपैकी पहिला 7 एप्रिल 1969 चा, आणि मसुदे आजही कुणीही वाचून चुका दाखवू शकतो. त्याचा फायदा किती ठोस असतो, ते बीबीआरमध्ये दिसलं. गूगलने 2016 मध्ये जाळ्यावरच्या डेटाच्या गर्दीचं नियंत्रण करणारी ही पद्धत मांडली आणि डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या 4.9 आवृत्तीत तिचा कोडही आला. मूळ निबंधातले आलेख उत्तम होते. पण कोड हाती असल्यामुळे इतरांनी तो लहान बफरच्या, म्हणजे थोडाच डेटा रांगेत धरू शकणाऱ्या, राउटरवर चालवला. डेटाचा तुकडा, म्हणजे पॅकेट, वाटेत गळलं की क्युबिक ही आधीपासूनची पद्धत आपली खिडकी, म्हणजे एका वेळी वाटेत असू शकणारा डेटा, 30 टक्क्यांनी कमी करते. पहिल्या आवृत्तीचा बीबीआर गळतीकडे जवळजवळ लक्षच देत नव्हता, तो स्वतः मोजलेल्या वेगावर चालत राहायचा. परिणाम असा की 16 क्युबिक प्रवाहांसमोर बीबीआरचा एकटा प्रवाह सुमारे 40 टक्के क्षमता घेऊन बसतो, हे 2019 च्या स्वतंत्र अभ्यासात मांडलं गेलं. नंतरच्या आवृत्त्यांत गळतीची दखल घ्यावी लागली.

तरीही 'कच्चा' या शब्दाला माझा आक्षेप आहे. आमच्याकडे कच्चा डेटा म्हणजे लोकांचं जाणं-येणं. कोण कुठल्या संकेतस्थळावर गेलं ते त्या संकेतस्थळाच्या नावानिशी डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या, पॅकेटमध्ये असतं. म्हणून पॅकेटचे पहिले 96 बाइटच साठवायचा रिवाज आहे. पत्त्यांच्या जुन्या पद्धतीला, आयपीव्ही4 ला, ते पुरतं. पॅकेटच्या सुरुवातीची शीर्षं अशी: इथरनेट 14, आयपी 20, टीसीपी जास्तीत जास्त 60, बेरीज 94. नव्या आयपीव्ही6 मध्ये आयपीचंच शीर्ष 40 बाइटांचं, म्हणजे बेरीज 114 पर्यंत जाते. टीसीपीचे पर्याय, म्हणजे त्याच्या शीर्षातल्या जादा नोंदी, भरगच्च असतील तर शेवटचे तुटतात आणि गळतीचं विश्लेषण चुकतं. वर लहान डीएनएस प्रश्नातलं नाव 96 बाइटांतही अख्खं मावतं, ते वेगळं पुसावंच लागतं.

आणि कृपा करून 'आम्ही हॅश केलंय' या वाक्यावर विसंबू नका. हॅश म्हणजे आकड्याचं ठरलेल्या सूत्राने केलेलं सांकेतिक रूप. आयपीव्ही4 चे एकूण पत्ते सुमारे 429 कोटी. सगळ्यांचे हॅश साध्या संगणकावर काढून जुळवणी करता येते, त्याला फार वेळ लागत नाही. भारतातले मोबाइल क्रमांक 6 ते 9 ने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त 400 कोटी. रुग्णाचा मोबाइल क्रमांक नुसता हॅश करून तक्ता खुला केला तर तो उघडाच आहे. गुप्त किल्ली वापरून हॅश करा आणि अभ्यास संपल्यावर किल्ली नष्ट करा, मगच त्याला काही अर्थ आहे. आमच्याकडे पत्त्यांचे गट टिकवून ते बदलायची पद्धत आहे, पण मोजणी चालू असताना कुणी ओळखीची पॅकेटं मुद्दाम पाठवली तर तीही उकलता येते.

म्हणून सक्ती कोडची, मोजणीच्या पद्धतीची आणि मोजताना किती पॅकेटं सुटली त्या आकड्याची करा. हा शेवटचा आकडा निबंधात हमखास गायब असतो. यंत्र पॅकेटं सोडतं ते नेमकं गर्दीच्या क्षणी, म्हणजे ज्या क्षणाचा अभ्यास करायचा असतो तेव्हाच.

डोलजाळं

मच्छीमार संस्थांच्या बाजूने कुणीच बोललेलं नाही. बोटीच्या नोंदवहीत जागा, खोली, वेळ आणि मासळी असते. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ती संशोधकाला देतो ती विश्वासावर. घोळ माशाच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव आहे. थवा कुठे मिळाला ते अक्षांश-रेखांशासह खुलं केलंत, तर दुसऱ्या दिवशी तिथे मासे खेचायला एलईडी दिवे लावून कोण पोचेल हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. केंद्राने 2017 मध्ये अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. असं एकदा झालं की पुढच्या वर्षी नोंदवहीत खोटी जागा लिहिली जाईल, आणि पाटीमोजणींचा खुला डेटा खुला पण निकामी होईल.

न्यूफाउंडलंडबद्दलही एक बोलायचंय. तिथे आकडे दडवले म्हणून चूक झाली नाही. ट्रॉलरचे आकडे समोर होते, किनाऱ्यावरच्यांचं बोलणंही समोर होतं. वजन कुणाच्या आकड्याला द्यायचं, तिथे चूक झाली. तक्ता खुला करून ती टळली असती असं मला वाटत नाही.

पाटीमोजणी

जागेचा मुद्दा मान्य. नकाशावरचा अक्षांश-रेखांशाच्या दहा मिनिटांचा चौकोन घ्या, म्हणजे अक्षांशाच्या बाजूने 10 सागरी मैल, सुमारे 18.5 किलोमीटर. हंगाम संपल्यावरच खुला करा. अमेरिकेत तीनपेक्षा कमी बोटींचा आकडा वेगळा छापत नाहीत, तो नियमही घ्या. पण बंदरावरच्या मोजणीचा तक्ता, म्हणजे किती बोटी लागल्या, किती पाहिल्या, पाटी किती किलोची धरली, रात्रीची आवक विचारून भरली की पाहून, यात कुणाचं गुपित नाही. तो लपवण्याचं एकही कारण या धाग्यात आलेलं नाही.

न्यूफाउंडलंडबाबत मात्र सहमत नाही. वजन चुकीचं दिलंय हे बाहेरच्यांना दाखवता आलं, कारण त्यांना आकडे पाहायला मिळाले.

डोलजाळं

बंदराच्या तक्त्याला माझी हरकत नाही, उलट पाटीचं वजन छापाच. चौकोनाला आहे. ट्रॉलर फिरता असतो, त्याला दहा मिनिटांचा चौकोन ठीक. डोलीचे, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचे, खुंट ठरलेल्या जागी असतात आणि कुठला खुंट कुठल्या घराचा हे गावाला पाठ असतं. एका चौकोनात दोनच घरांचे खुंट असले तर तीनच्या नियमाने तो आकडा शेजारच्या चौकोनात मिळवावा लागेल. पण शेजारी खोली आणि पाण्याची ओढ वेगळी, बोंबील कधी लागतो ते वेगळं. मग बेरीज गावाच्या नावाने करा आणि खोली वेगळ्या रकान्यात द्या. त्यात घर झाकलं जातं आणि बोंबलाचा हंगामही दिसतो. हे लिहून देणार असाल तर संस्थांच्या बैठकीत मांडता येईल.