भारतीय स्वातंत्र्य कायदा, १९४७ : ब्रिटिश संसदेला तो मागे घेता आला असता का?

कृष्णाकाठ :
आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर ऑगस्टात एक मजकूर फिरतो, की १९४७ चे स्वातंत्र्य ९९ वर्षांच्या करारावर मिळालेले आहे. या वेळी तो खोडून काढायचा म्हणून मी मूळ कायदाच वाचून काढला. अवघी २० कलमे आणि ३ परिशिष्टे. मुदतीचा उल्लेख कुठेही नाही, त्यामुळे तो वाद मिटला. पण वाचताना दोन नव्या शंका आल्या. ४ जुलै १९४७ रोजी मांडलेले आणि १८ जुलै रोजी राजसंमती मिळालेले हे विधेयक ब्रिटिश संसदेचे होते. जी संसद कायदा करते तिला तो रद्दही करता येतो, हे तत्त्व मान्य केले, तर आपल्या स्वातंत्र्याचा कायदेशीर आधार नेमका कोणता? दुसरी शंका घरची आहे. माझे आजोबा औंध संस्थानातले. त्या कायद्यात संस्थानांविषयी जे काही आहे ते एका कलमात आटोपले आहे. मग १५ ऑगस्टला कायद्याच्या दृष्टीने आजोबांचे स्थान काय झाले?

पोटकलम :
पहिल्या शंकेचे उत्तर सहाव्या कलमात आहे आणि ते शांतपणे वाचण्यासारखे आहे. नव्या डोमिनियनच्या (त्या काळच्या मराठीत ‘वसाहतीच्या स्वराज्याच्या’) विधिमंडळाने केलेला कोणताही कायदा इंग्लंडच्या कायद्याशी विसंगत आहे एवढ्या कारणाने रद्दबातल ठरणार नाही, असे ते सांगते. आणि ‘इंग्लंडच्या कायद्या’सोबत तिथे खुद्द या स्वातंत्र्य कायद्याचाही उल्लेख आहे, म्हणजे तो बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकारही नव्या विधिमंडळांना त्याच कायद्याने मिळाला. शिवाय १५ ऑगस्टनंतर ब्रिटिश संसदेने केलेला कायदा, इथल्या विधिमंडळाने स्वतःहून लागू केल्याशिवाय, इथे लागू होणार नव्हता. लंडनने उद्या तो कायदा रद्द केला असता, तरी त्याचा इथे परिणाम शून्य.

आपल्या संविधान सभेने मात्र एवढ्यावर समाधान मानले नाही. संविधानाच्या ३९५ व्या अनुच्छेदाने १९३५ चा भारत सरकार कायदा आणि १९४७ चा स्वातंत्र्य कायदा हे दोन्ही रद्द केले. ज्या कायद्याने संविधान सभेला विधिमंडळाचे अधिकार दिले, तोच तिने मोडीत काढला. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेले संविधान संमतीसाठी गव्हर्नर जनरलकडे पाठवलेच गेले नाही. उद्देशिकेत ‘आम्ही, भारताचे लोक’ हे संविधान ‘स्वतःप्रत अर्पण’ करतो असे म्हणायचे आणि त्यावर राजाच्या प्रतिनिधीची मोहोर घ्यायची, हे विसंगत झाले असते.

ही बाब किरकोळ वाटत असेल तर पाकिस्तानकडे पाहावे. कायदा तोच, सहावे कलमही तेच. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी तिथली संविधान सभा बरखास्त केली. सभेचे अध्यक्ष मौलवी तमीजुद्दीन खान न्यायालयात गेले आणि सिंधच्या मुख्य न्यायालयात जिंकले. परंतु मार्च १९५५ मध्ये सरन्यायाधीश मुहम्मद मुनीर यांच्या फेडरल कोर्टाने (तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) असा निर्णय दिला, की त्या कलमाप्रमाणे सभेच्या प्रत्येक कायद्याला गव्हर्नर जनरलची संमती आवश्यक होती. ज्या कायदादुरुस्तीच्या आधारे खान यांनी दाद मागितली तिलाच अशी संमती नसल्यामुळे त्यांचा अर्ज टिकत नाही. बरखास्ती योग्य होती की नाही, या प्रश्नाला कोर्टाने हातच घातला नाही. न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांनी वेगळे मत नोंदवले, ते मला अधिक पटते.

जुना सातबारा :
वरील विवेचन उत्तम आहे, परंतु या कायद्याविषयी ‘त्याने दोन राष्ट्रे निर्माण केली’ असे जे नेहमी म्हटले जाते ते थोडे जपून म्हणावे असे मला वाटते, कारण या कायद्याने राष्ट्रे निर्माण केली ती सीमा न ठरवता. बंगाल आणि पंजाब यांची विभागणी परिशिष्टांत जिल्ह्यांच्या याद्या देऊन तात्पुरती केली होती. खरी सीमा सीमा आयोगाच्या निवाड्याने ठरायची होती आणि आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ यांचा तो निवाडा १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाला. त्यामुळे यादीप्रमाणे पूर्व बंगालमध्ये धरलेला मुर्शिदाबाद जिल्हा स्वातंत्र्याचे पहिले दोन दिवस पाकिस्तानात होता आणि नंतर भारतात आला, तर यादीत नसलेला खुलना भारतातून पाकिस्तानात गेला. गुरदासपूरचा बराचसा भाग असाच पश्चिम पंजाबच्या यादीतून भारताकडे आला. झेंडा फडकवून झाल्यावर देश बदलल्याचे कळणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याकडच्या माणसाला येणे कठीण आहे.

आता औंधविषयी. सातव्या कलमाने संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता (म्हणजे संस्थानिकांवरचा ब्रिटिश राजसत्तेचा वरचा अधिकार) आणि तिच्यासोबतचे सगळे तह संपुष्टात आणले. ती अधिसत्ता भारताला किंवा पाकिस्तानला मिळाली असे कायदा म्हणत नाही. ती फक्त संपली. (जकात, टपाल, तार यांबाबतचे करार तेवढे तात्पुरते चालू ठेवले.) म्हणून त्रावणकोर आणि हैदराबाद यांनी जूनमध्येच स्वतंत्र होण्याची भाषा सुरू केली होती. डॉ. आंबेडकरांनी त्याच महिन्यात सविस्तर निवेदन काढून अधिसत्ता अशी हवेत विरू शकत नाही, ती स्वतंत्र भारताकडेच आली पाहिजे, असे प्रतिपादन केले. तर्क भक्कम होता. पण ब्रिटिश संसदेने तो स्वीकारला नाही, आणि पुढचे काम सरदार पटेल व त्यांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांना सामीलनाम्यांवर एकेक सही घेऊन करावे लागले. सामीलनाम्याने संस्थानिक फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारताकडे सोपवत असे.

म्हणजे सामील झालेल्या संस्थानातल्या आपल्या आजोबांसारख्यांना १५ ऑगस्टला दोन सत्ता होत्या : या तीन विषयांपुरती दिल्ली आणि बाकी सर्व बाबतींत राजा. अर्थात औंधची गोष्ट जरा निराळी, कारण तिथे १९३९ पासूनच ग्रामपंचायतींवर आधारलेली स्वराज्याची घटना लागू होती! औंध, भोर, फलटण, सांगली ही दक्षिणेतली संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर आणखी वर्षभराने, १ मार्च १९४९ रोजी.

कृष्णाकाठ :
दोघांचेही आभार. आजोबा ‘आम्हाला स्वातंत्र्य दोनदा मिळाले’ असे म्हणत, त्याचा अर्थ आज लागला. आता आणखी एकच विचारतो : गोव्याबद्दल या कायद्यात काही आहे का?

पोटकलम :
काहीही नाही, आणि असणे शक्यही नव्हते. ब्रिटिश संसद पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशाविषयी कायदा करू शकत नव्हती. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. भारतीय संविधानात त्याची नोंद झाली ती १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने, २० डिसेंबर १९६१ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. लिस्बनने हे मान्य करायला मात्र १९७४ चा डिसेंबर उजाडला, तोही तिथली हुकूमशाही त्याच वर्षी कोसळली म्हणून.