चोपड्याच्या कृषी केंद्रातले तीन संगणक: विंडोज १० वरून ११ वर नेताना काय सांभाळायचं?

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. बियाणं-खताच्या दुकानात तीन संगणक आहेत, तिन्हींवर विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला, म्हणून ११ चा विचार आहे.

पहिला, बिलिंगचा: आय३-८१००, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, विंडोज १० प्रो ६४ बिट. मायक्रोसॉफ्टचा हेल्थ चेक (११ चालेल का ते तपासणारा प्रोग्रॅम) म्हणतो की टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) सापडत नाही आणि सेक्युर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) नाही.
दुसरा, मराठी पत्रं, जाहिराती आणि अंगठ्याच्या यंत्राचा: आय५-६५००, एच११० बोर्ड, ८ जीबी, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क.
तिसरा: कोअर २ ड्युओ, ४ जीबी, विंडोज १० ३२ बिट. त्यावर जुनी डॉसमधली खातेवही आणि ८० कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.

जूनमधे बियाण्याची गर्दी सुरू झाली की संगणकाला हात लावता येणार नाही, त्याआधी उरकायचंय. डेटा न जाता कोणता होईल, कोणता नाही?

धुळ्याचा बोर्डवाला

भाऊ, पहिला नक्की होईल. ८१०० ही आठवी पिढी, म्हणजे ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत बसते. टीपीएम सापडत नाही याचा अर्थ तो नाही असा नाही. इंटेलच्या या बोर्डांवर तो प्रोसेसरच्या आतच असतो, बायोसमधे त्याला 'पीटीटी' म्हणतात आणि बऱ्याच बोर्डांवर तो बंद असतो. वेगळी टीपीएमची चिप विकत घेऊ नका, फुकटचा खर्च.

खरी अडचण दुसरीच असणार. विंडोज जुन्या पद्धतीने, एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) डिस्कवर टाकलेलं असेल, तर सेक्युर बूट चालू होत नाही. रन मधे एमएसइन्फो३२ टाकून 'बायोस मोड' बघा. 'लेगसी' दिसलं तर हाच क्रम ठेवा, उलटा केला तर मशीन उठणार नाही:

१. बिलिंगचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, डिस्क काढून ठेवा. पेनड्राइव्हही काढा, नाहीतर डिस्क ० कोणती यात घोळ होतो.
२. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर आधी बंद करा. सेटिंगमधे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असेल तर तेही.
३. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' उघडून: एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाउफुलओएस. (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरात, २ आणि ० सुद्धा.) ही फक्त तपासणी, डिस्कला काही होत नाही.
४. तपासणी यशस्वी झाली तरच तीच ओळ, 'व्हॅलिडेट' च्या जागी 'कन्व्हर्ट', म्हणजे डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत जाते. एक-दोन मिनिटांत होतं.
५. आता विंडोज परत उघडायच्या भानगडीत न पडता रीस्टार्ट करून डिलीट बटणाने थेट बायोसमधे. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद, पीटीटी चालू, सेक्युर बूट चालू. जतन करून बाहेर.

एमबीआर असताना सीएसएम आधी बंद केला की 'बूट डिव्हाइस निवडा' असा काळा पडदा येतो. घाबरू नका, सीएसएम परत चालू केला की मशीन उठतं.

दोन खोड्या लक्षात ठेवा. सेक्युर बूट 'एनेबल्ड' पण खाली 'नॉट ॲक्टिव्ह' दिसलं, तर किल्ल्या भरलेल्या नाहीत. त्याच पानावर फॅक्टरी किल्ल्या परत भरायचा पर्याय असतो, तो दाबा. दुसरं, जीटी २१० सारखं जुनं ग्राफिक कार्ड लावलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहतो, कारण त्या कार्डाला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) कळत नाही. कार्ड काढून मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला जोडा. ८१०० मधे स्वतःचं ग्राफिक आहेच.

शेवभाजी (जळगाव)

बोर्डवाल्या भाऊंनी पहिल्याचं सांगितलं, मी दुसऱ्यावर बोलतो. ६५०० सहावी पिढी, यादीत नाही. एच११० वर पीटीटी चालू होईल, टीपीएम २.० हिरवं दिसेल, आणि मग प्रोसेसरवर अडेल. कोणी म्हणेल प्रोसेसर बदला. आठव्या पिढीचा सॉकेटही ११५१ च, आकार तोच, पण १०० मालिकेच्या बोर्डावर तो चालत नाही. त्या बोर्डावर जास्तीत जास्त सातवी पिढी बसते आणि ती (एखादा लॅपटॉपचा प्रोसेसर सोडला तर) यादीत नाही. म्हणजे पैसे पाण्यात.

या मशीनला माझं मत: विंडोज १० च ठेवा आणि वाढीव सुरक्षा अपडेट घ्या. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. अट अशी की आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं. सेटिंगचा बॅकअप खात्यावर चालू ठेवला तर फुकट, नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक येते. डोमेनला जोडलेल्या संगणकाला हा मार्ग नाही. यात फक्त सुरक्षा दुरुस्त्या येतात, नवीन काही येत नाही, आणि दुकानाला नवीन काही लागतही नाही.

पण ती फिरती हार्ड डिस्क काढाच. २५६ जीबीची साटा एसएसडी लावून सी ड्राइव्ह क्लोन करा, जुनी डिस्क डेटाला ठेवा. ६५०० ला संथपणा प्रोसेसरचा नाही, डिस्कचा आहे.

आता उन्हाळ्याचं. आपल्याकडे मे मधे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि अपग्रेड म्हणजे प्रोसेसर तास-दीड तास जोर लावून चालणार. आधी पंखा काढा, हीटसिंकच्या पात्यांतला धुळीचा थर ब्रशने काढा, पेस्ट वाळलेली असेल तर पुसून वाटाण्याएवढी नवीन लावा. संगणक कूलरच्या झोतात ठेवायची पद्धत दुकानादुकानांत दिसते, ती बंद करा. कूलरची हवा ओली असते, त्यात कापसाचा धूळ-तंतू मिसळला की हीटसिंकवर लगदा बसतो आणि रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी पाय काळे पडतात.

यूपीएस ६०० व्हीए असेल तर आत १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते. नवी असताना एक डेस्कटॉप आणि मॉनिटर १०-१५ मिनिटं, दोन उन्हाळे काढलेली असेल तर मिनिटभरही नाही. अपग्रेडमधे लाइट गेली तर विंडोज बहुतेक वेळा स्वतः मागे फिरतं. कन्व्हर्ट चालू असताना किंवा बायोस अपडेट होताना गेली तर तसं नाही. ती दोन कामं सकाळी सहा-सातला, इन्व्हर्टरवर.

तापीकाठ (चोपडा)

पहिल्यावर तपासणी केली, 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड' आलं. डिस्क मॅनेजमेंटमधे डावीकडून असं दिसतं: सिस्टम रिझर्व्ड ५४९ एमबी, सी १२० जीबी, रिकव्हरी ५०० एमबीच्या आसपास, मग हिरव्या चौकटीत डी आणि ई.

धुळ्याचा बोर्डवाला

तीच हिरवी चौकट नडते. ती एक्सटेंडेड पार्टिशन आहे, डी आणि ई तिच्या पोटातल्या लॉजिकल ड्राइव्ह. हे साधन जास्तीत जास्त तीन प्रायमरी घेतं आणि एक्सटेंडेड अजिबात घेत नाही. सी, डी, ई असे तीन वाटे पाडायची आपल्याकडची जुनी सवय, म्हणून हा अडथळा घरोघरी.

डी आणि ई चा सगळा माल बाहेरच्या डिस्कवर न्या, चार-सहा फायली उघडून बघा, मग दोन्ही डिलीट करा. इथे एक चूक हमखास होते: दोन्ही काढल्यावरही चौकट हिरवीच राहते आणि आत 'फ्री स्पेस' लिहिलेलं दिसतं. तीही डिलीट करायची. पट्टी काळी होऊन 'अनअलोकेटेड' आलं पाहिजे. मग प्रायमरी तीनच उरतात आणि तपासणी पास होईल. जीपीटी झाल्यावर त्याच मोकळ्या जागेत डी आणि ई परत करा. तिथे १२८ पर्यंत पार्टिशन चालतात, एक्सटेंडेडची गरजच नाही.

बिलिंगचा डेटा डी वर असेल तर परत करताना अक्षर डी च द्या. प्रोग्रॅम त्या वाटेनेच शोधतो.

केळीपट्टा (सावदा)

तिसऱ्याचं. कोअर २ ड्युओवर ११ विसरा. आवृत्ती २४एच२ पासून पॉपकाउंट आणि एसएसई४.२ या सूचना प्रोसेसरमधेच लागतात, त्यात त्या नाहीत. म्हणजे कुठलीही युक्ती केली तरी ते बूटच होणार नाही.

आणि विंडोज ११ ३२ बिटमधे येतच नाही. तुमची डॉसची खातेवही १६ बिट आहे. ती ३२ बिट विंडोजवर चालते, ६४ बिटवर कोणत्याही विंडोजवर चालत नाही, मग १० असो की ११. आपल्या केळीपट्ट्यात फॉक्सप्रोवर लिहिलेली पट्टी-हिशोबाची अशी कामं अजून ढिगाने आहेत.

मार्ग दोन. वर्षाचा हिशोब मिटेपर्यंत ते मशीन तसंच ठेवा, फक्त इंटरनेटची वायर काढा आणि पेनड्राइव्ह लावणं बंद करा. किंवा खातेवहीचं अख्खं फोल्डर (डीबीएफ आणि इंडेक्सच्या फायलींसकट) पहिल्या मशीनवर नेऊन व्हीडॉस मधे चालवा. डॉसबॉक्स मुख्यतः खेळांसाठी आहे, व्हीडॉस अक्षरी हिशोबाच्या प्रोग्रॅमसाठीच आहे आणि एलपीटी१ ला पाठवलेली छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो.

संगणकाला पॅरलल पोर्ट नसेल तर यूएसबी-पॅरलल केबल घ्या, आणि ड्रायव्हर 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' निवडा. कंपनीचा ग्राफिक ड्रायव्हर टाकला की डॉट मॅट्रिक्स प्रत्येक ओळ चित्र म्हणून काढतो: पट्टीला चौपट वेळ आणि रिबन लवकर संपते. एक बिल काढून ओळी मोजा. पान पुढे सरकत गेलं तर पानाची लांबी १२ इंच आहे की ११, ते बघा.

रजिस्ट्रीवाला (भुसावळ)

दुसऱ्यालाही ११ घालता येतं. रजिस्ट्रीत एक नोंद केली की सेटअप जुन्या प्रोसेसरकडे दुर्लक्ष करतो. उगाच कशाला थांबायचं?

शेवभाजी (जळगाव)

घालता येतं, खरं आहे. पण अशा मशीनला दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी आयएसओ (विंडोज टाकायची फाइल) आणून हाताने करावी लागते, आणि महिन्याच्या अपडेटचीही हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरच्या मशीनवर खुशाल करा. ज्यावर गिऱ्हाईक अंगठा लावायला रांगेत उभं आहे, त्यावर नको.

मंगलफॉन्ट (नंदुरबार)

मराठीचं कोणी बोललं नाही म्हणून. जुन्या जाहिराती श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधे असतील तर ती अक्षरं युनिकोड नाहीत. फॉन्ट गेला की मजकुराचा इंग्रजी चिवडा होतो. जागेवर अपग्रेड केलं तर फॉन्ट राहतात, कोऱ्या डिस्कवर नव्याने टाकलं तर जातात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची प्रत घेऊन थांबू नका. फॉन्टवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हटलं असेल तर तो दुसरीकडेच बसतो: यूजरच्या फोल्डरमधे ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. ॲपडेटा लपवलेलं असतं, म्हणून नेमकं तेच राहून जातं. डोंगलवर (परवान्यासाठी संगणकाला लावायच्या छोट्या यंत्रावर) चालणारी मराठी प्रणाली असेल तर तिचा ६४ बिट ड्रायव्हर आधी मिळवा, मग हात घाला.

युनिकोडच्या फायली मंगल फॉन्टमधे असतील तर नव्या विंडोजवर ओळी हलतात, पत्राचं दुसरं पान तिसऱ्यावर जातं. मंगल आता मूळ संचात नाही. भाषेत मराठी जोडा किंवा 'ऑप्शनल फीचर्स' मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्या. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह एकत्रच येतात. कळफलकात 'मराठी' म्हणजे इनस्क्रिप्ट आणि 'मराठी फोनेटिक' वेगळा. दोन्ही जोडले तर विंडोज-स्पेसने आलटून पालटून येतात आणि टायपिस्ट वैतागतो. एकच ठेवा.

अंगठ्याचं यंत्र: साधा ड्रायव्हर पुरत नाही, कंपनीची आरडी सेवाही (यंत्र आणि पोर्टल जोडणारा, मागे चालणारा प्रोग्रॅम) लागते. ती ब्राउझरशी याच संगणकावरच्या ११,१०० ते ११,१२० या पोर्टांतून बोलते. एसएसडी किंवा विंडोज बदलल्यावर यंत्राचा दिवा लागतो पण पोर्टलला ते दिसत नाही, अशी तक्रार आली तर सर्व्हिसेसमधे ती 'रनिंग' आहे का ते आधी बघा, मग अँटिव्हायरसने पोर्ट अडवलंय का ते.

तापीकाठ (चोपडा)

हिरवी चौकट काढली, कन्व्हर्ट झालं, बायोस मोड आता यूईएफआय दाखवतोय. आयएसओमधून सेटअप चालवला तर 'फायली आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय फिका आहे, फक्त 'काही ठेवू नका' निवडता येतं.

धुळ्याचा बोर्डवाला

थांबा, पुढे दाबू नका. भाषेचा फरक आहे. बसलेलं विंडोज अमेरिकन इंग्रजी आणि आयएसओ 'इंग्लिश इंटरनॅशनल', म्हणजे ब्रिटिश, असली की हेच होतं. कमांड प्रॉम्प्टमधे डिसम /ऑनलाइन /गेट-इंटल टाका, 'डिफॉल्ट सिस्टम यूआय लँग्वेज' समोर ईएन-यूएस आहे की ईएन-जीबी ते बघा आणि त्याच भाषेची आयएसओ उतरवा. सी वर २५ जीबी तरी मोकळे ठेवा. प्रो वरून प्रोच, परवाना आपोआप येतो, नवी किल्ली विकत घ्यायची नाही.

झाल्यावर लगेच दोन कामं. मागे फिरायची मुदत १० दिवस असते. डिसम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३० ने ती ३० करा, म्हणजे महिनाअखेरचा जीएसटी एकदा भरून बघता येईल. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका, विंडोज.ओल्ड गेलं की परतीची वाट गेली. आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू झालंय का ते बघा. झालं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर छापा आणि गल्ल्यात ठेवा, त्याच संगणकात नको. पुढे कधी बायोस अपडेट केलं की बऱ्याच बोर्डांवर पीटीटी परत बंद होतो आणि पहिल्याच पडद्यावर ही किल्ली मागितली जाते.