लेपोन्टिक ‘पे’ आणि संस्कृत ‘च’

मंडळी, आल्प्समधे लेपोन्टी नावाचे केल्टिक लोक रहायचे, म्हणजे आत्ताच्या स्वित्झर्लंडचं तिचिनो आणि इटलीतलं ओसोला खोरं. ऱ्हाइन यांच्याच मुलखात उगम पावते असं सीझर लिहून गेलाय. तर यांच्या भाषेत ‘आणि’ला ‘पे’ होतं आणि तो म्हणे संस्कृत ‘च’चा भाऊ. खरंय का हे? प आणि चचा काय संबंध??

उत्तर: खरंय. इटलीत ओर्नाव्हास्सोला एका कबरीत भोवऱ्याच्या आकाराचं मातीचं भांडं सापडलंय, त्यावर लिहिलंय ‘लातुमारुइ साप्सुताइपे उइनोम नाशोम’. लातुमारोसला आणि साप्सुताला नाक्सोस बेटाची वाइन, असा अर्थ बरेच जण लावतात, ‘नाशोम’वर मात्र अजून वाद आहेत. पण गंमत बघा, पे दोन नावांच्या मधे नाहीये, दुसऱ्या नावाला मागून चिकटलाय, सेम ‘रामो लक्ष्मणश्च’. या सगळ्या भाषांची पूर्वज एकच, तिच्यातला मूळचा ‘क्व’ लॅटिनमधे राहिला म्हणून तिथे ‘क्वे’, संस्कृतात त्याचा च झाला आणि लेपोन्टिक, गॉलिश (जुन्या फ्रान्सकडची केल्टिक भाषा) यांच्यात प. चार घ्या ना, लॅटिन क्वात्तुओर, संस्कृत चत्वारः आणि गॉलिशमधे चौथा म्हणजे पेतुआरिओस. (मराठीतला जोर द्यायचा ‘च’ कृपया यात आणू नका, तो वेगळा.)

अरे वा! मग लुगानोजवळ डावेस्कोच्या शिळेवर ‘पाला’ आहे, स्लानियासाठी पाला, तिसिओससाठी पाला, म्हणजे थडग्याचा दगड. आणि गुजरातेत स्मारकाच्या दगडाला पाळिया म्हणतात. जमलं की!

उत्तर: नाही हो, इथेच सगळे घसरतात. मूळचा प केल्टिकमधे टिकतच नाही, पितृचं जुन्या आयरिशमधे (तीही केल्टिकच) ‘अथिर’ होतं. खुद्द लेपोन्टिकमधे बघा, कोमोजवळच्या प्रेस्तिनोच्या लेखात ‘उवामोकोझिस’ असं नाव आहे, त्यातला उवामो म्हणजे वैदिक ‘उपम’, सगळ्यात वरचा, तिथला प गेला ना. मग पालातला प कुठून आला? शिवाय लिपी एट्रुस्कन या इटलीतल्या प्राचीन लोकांच्या लिपीवरून घेतलेली, प आणि ब दोघांना एकच अक्षर, त्यामुळे ते ‘पाला’ होतं की ‘बाला’ हे नुसतं बघून कळत नाही. हा शब्द केल्टिक नसून तिथल्या आधीच्या लोकांचा असावा असंही काही अभ्यासक म्हणतात. दिसायला सारखे शब्द कुठल्याही दोन भाषांत ढीगभर निघतात, पाळियाला गुजरातेतच राहूद्या.