वेबसाइट म्हणजे नुसता तारखांचा फलक नव्हे

‘इन्स्टाग्राम, यूट्यूब असताना कलाकाराला वेबसाइट फक्त कार्यक्रमांच्या तारखांपुरती लागते’ हे म्हणणं मला पटत नाही. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीने १९९८ मध्ये बोवीनेट काढलं, तेव्हा ती नुसती साइट नव्हती, चक्क इंटरनेट जोडणी देणारी सेवा होती. सभासद झालेल्या चाहत्याला बोवीच्याच नावाच्या डोमेनवर ईमेल पत्ता मिळायचा. म्हणजे चाहता पाहुणा न राहता घरचाच झाला! रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडने जानेवारी २०२० मध्ये आपल्या साइटचं ग्रंथालय केलं. जुने कार्यक्रम, दुर्मिळ ध्वनिमुद्रणं, आपल्याच साइटची जुनी रूपं, सगळं एका जागी. वर चाहत्याला स्वतःचं सभासद कार्डही बनवता येतं.

नाशिकमधला माझा अनुभव छोटा आहे, पण इथे उपयोगी पडावा. आमच्या गायनाच्या बाईंची साइट मी सांभाळतो. सुरुवातीला मोठे फोटो आणि पुरस्कारांची यादी टाकली होती. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही. मग बैठकीनंतर दोन-तीन दिवसांत त्या दिवशी गायलेल्या बंदिशींचे शब्द, राग, ताल आणि बाईंच्या आवाजात दोन मिनिटांचं विवेचन द्यायला लागलो. कालिदास कलामंदिराच्या दाराशी वही ठेवून ईमेल पत्ते घेतले. आता पंचवटीतले आजोबा फोन करून विचारतात, “परवाचा मारवा अजून चढवला नाहीत का?” मध्यंतरी बाईंचं सोशल मीडियावरचं पान काही कारण न देता बंद झालं, तेव्हा श्रोत्यांपर्यंत पोचायला ती वहीच कामी आली.